शिक्षण परिषदेला जाताना कोणाची वही न्यायची? नव्या शिक्षकांसाठी थोडं कामाचं

शाळेवर हजर होऊन पंधरा दिवस होत नाहीत तोच केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप येतो : 'उद्या सकाळी ठीक ११ वाजता शिक्षण परिषद. सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे.' नवा शिक्षणसेवक बावरतो. सोबत काय न्यायचं, बसायचं कुठे, बोलायचं की गप्प राहायचं? मी पहिल्यांदा गेले तेव्हा कोरी वही, दोन पेनं आणि डबा घेऊन गेले होते. त्यातला डबा तेवढा उपयोगी पडला.

आता इतक्या वर्षांनी कोणी विचारलं तर मी एकच सांगते. कोरी वही नेऊ नका, आपल्या वर्गातल्या एका मुलाची भरलेली वही न्या. असं का, ते पुढे येईलच.

आधी कोण कुठे जमतं ते समजून घ्या

जिल्हा परिषदेच्या शाळेत असाल तर तुमची शाळा एका केंद्रात असते. दहा-बारा शाळांचं एक केंद्र, त्यावर केंद्रप्रमुख. या केंद्रातले शिक्षक महिन्यातून एकदा जमतात ती शिक्षण परिषद. जुनी मंडळी अजून तिला गटसंमेलनच म्हणतात, तेव्हा 'संमेलनाला येताय ना मॅडम?' असं कोणी विचारलं तर साहित्य संमेलन समजू नका. त्यावर तालुक्याचं गटसाधन केंद्र, तिथे विषय साधनव्यक्ती, म्हणजे एकेका विषयात शिक्षकांना मदत करणारी माणसं बसतात. त्यावर जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपलं डाएट. आणि सगळ्यात वर पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, म्हणजे एससीईआरटी. सरकारी प्रशिक्षणं याच शिडीने वरून खाली येतात, आणि प्रत्येक पायरीवर थोडी थोडी पातळ होतात. पुण्यात पाच दिवसांत सांगितलेलं आमच्यापर्यंत कधी कधी दीड दिवसाचं होऊन पोचतं.

या शिडीच्या बाहेरही बरंच काही चालतं. फलटणची प्रगत शिक्षण संस्था लहान मुलांच्या वाचन-लेखनावर शिक्षकांसोबत काम करते. मुलांच्या शिक्षणावर काम करणारी ग्राममंगल ही संस्था आहे. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. खासगी अनुदानित किंवा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत असाल आणि केंद्राची परिषद तुमच्यापर्यंत पोचत नसेल, तर या संस्थांच्या कार्यशाळांवर लक्ष ठेवा. बहुतेक वेळा नाव नोंदवलं की तुम्ही कोणत्या शाळेचे हे कोणी विचारत नाही.

मध्यंतरी काही वर्षं 'शिक्षणाची वारी' भरायची. शिक्षकांनी आपापल्या वर्गात केलेलं काम स्टॉल लावून मांडायचं, आणि बाकीच्यांनी हिंडून बघायचं. अशा जत्रेवजा कार्यक्रमाला गेलात तर चाळीस स्टॉल पायाखाली घालू नका. तीनच निवडा. प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटं उभं राहून विचारा : 'हे तुमच्या वर्गात कोणत्या मुलाला जमलं नाही?' जो खरंच वर्गात वापरतो त्याच्याकडे या प्रश्नाला उत्तर असतं, नुसतं साहित्य करून आणलेला लगेच माहितीपत्रक पुढे करतो.

'विद्यार्थीकेंद्री' हा शब्द कानावर पडेल तेव्हा

खूप वेळा पडेल. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या २९व्या कलमात कृती, शोध यांतून आणि बालकेंद्री, मूलस्नेही पद्धतीने शिकवावं असं लिहिलेलंच आहे. त्याच्याही आधी, १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती, तिथून नई तालीम पुढे आली. हाताला काम देऊन त्यातून शिकवायचं, ही त्यातली मूळ गोष्ट. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात जाऊन बालवाडी चालवली. तेव्हा ही गोष्ट परदेशातून आली आहे असं कोणी म्हणालं तर मान डोलावू नका.

पण शब्द जुना असला तरी त्याचं सोंगही लवकर येतं. राज्य सरकारचा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम २०१५ साली आला, आणि पुढच्या काही वर्षांत गावोगावच्या शाळांच्या फरश्या रंगल्या. अंकांचं कासव, अक्षरांची साप-शिडी, शब्दांची आगगाडी. कित्येक वर्गांत ही चित्रं मुलांनी मनसोक्त वापरली. काही वर्गांत मात्र रंग उडू नये म्हणून त्याच्यावर सतरंजी अंथरली, आणि सतरंजीवर मुलांना रांगेत बसवून पाढे घोकून घेतले. मीही केलंय हे, एक वर्ष. म्हणून परिषदेत कोणी सुंदर फोटो दाखवले की मी मनात विचारते : यात मुलं काय करताहेत?

पहिली पायरी : जाण्याच्या आधीचा आठवडा

एक मूल निवडा. हुशार नको, अगदीच मागे असलेलंही नको. ज्याच्याविषयी तुम्हाला 'याचं काय चुकतंय कळत नाही' असं वाटतं, तेच.

माझ्याकडे तिसरीत एक मुलगी होती. वजाबाकीत तिची काही उत्तरं बरोबर, काही चूक. मी बरेच दिवस 'लक्ष नाही' म्हणून सोडून दिलं. एकदा तिच्या वहीची तीन पानं घेऊन परिषदेला गेले. त्यात ५२ वजा २७ याचं उत्तर तिने ३५ लिहिलं होतं. शेजारच्या शाळेचे एक सर वही बघून म्हणाले, 'तिला विचारलं का, कसं केलं?' विचारलं नव्हतं. मग त्यांनीच बोट ठेवून दाखवलं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिने सातातून दोन काढले, पाच. पाचातून दोन गेले, तीन. ३५. हातचा घ्यायची वेळ येईल तिथे तिथे ती हेच करत होती, एकाही ठिकाणी चुकली नव्हती. ज्या गणितात हातचा लागत नव्हता ती सगळी बरोबर. म्हणजे लक्ष तर होतंच, शिवाय नियमही होता. फक्त तो तिने स्वतः बनवलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, 'दुकानात ५२ रुपये नेले, २७ चा किराणा घेतला. परत किती?' तिने बोटांवर काहीतरी केलं आणि म्हणाली, 'पंचवीस.' वहीत ३५ आणि तोंडी २५, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे हेच तिला माहीत नव्हतं. मग खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले, वर सुट्ट्या काड्या. पाच गठ्ठे, दोन सुट्ट्या. सात सुट्ट्या द्यायच्या तर एक गठ्ठा सोडावा लागतो, हे तिने स्वतःच रबर काढून दाखवलं. मला शिकवावं लागलं ते एवढंच, की जे हाताने केलं तेच वहीत लिहायचं.

हे मी इतकं लांबवून सांगते कारण परिषदेत नेण्याची गोष्ट हीच आहे. 'माझ्या वर्गातली मुलं गणितात कच्ची आहेत' असं म्हणून गेलात तर उत्तर येईल 'सराव घ्या'. तीन पानं घेऊन गेलात तर कोणीतरी बोट ठेवेल.

वहीसोबत चार ओळी लिहून न्या. मूल काय करतं, केव्हा करतं, तुम्ही काय करून पाहिलंत. त्या ओळी तुमच्या शब्दांत असू द्या. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे फक्त परीक्षेऐवजी वर्षभर मुलांची प्रगती पाहणं, आलं तेव्हा मुलांच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या आल्या, आणि बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिकाही आल्या. 'दैनंदिन कामात सक्रिय सहभाग घेतो', 'उपक्रमात उत्साहाने भाग घेतो.' अशी ओळ वाचून कोणत्याही शाळेतल्या कोणत्याही मुलाचा चेहरा डोळ्यांसमोर येत नाही. तुमच्या चार ओळी वाचून यायला हवा. मुलाचं नाव मात्र पानावरून झाकून टाका. गाव लहान असतं, आणि त्याच्या मावशी शेजारच्या शाळेत शिकवत असू शकतात.

दुसरी पायरी : वर्ग मागे ठेवून निघताना

द्विशिक्षकी शाळा असेल तर हा सगळ्यात अवघड भाग. केंद्रातल्या शाळा अर्ध्या-अर्ध्या करून दोन दिवस परिषद ठेवली असेल तर उत्तम. नसेल तर केंद्रप्रमुखांना आधी फोन करून विचारा, कोणी यायचं ते ठरवून घ्या. हालचाल रजिस्टरमध्ये नोंद करून निघा. परतल्यावर उपस्थितीचा कागद फाइलला लावा.

मागे राहिलेल्या सहकाऱ्याकडे तुमचे दोन वर्ग जोडले जाणार असतात. त्यांना 'काहीतरी लिहायला द्या' एवढंच सांगून जाऊ नका. मोठ्या मुलांनी लहानांना गोष्ट वाचून दाखवायची, आणि लहानांनी त्यातलं आवडलेलं चित्र काढायचं, असं काहीतरी आदल्या दिवशी मुलांशीच बोलून ठरवा. परतल्यावर ती चित्रं बघा. आपण नसताना मुलं काय करतात, हा विद्यार्थीकेंद्री शिक्षणाचा एक बरा अंदाज असतो.

तिसरी पायरी : प्रत्यक्ष त्या दिवशी

पहिला पाऊण तास बहुधा ईशस्तवन, स्वागतगीत, गुलाबपुष्प, प्रास्ताविक यात जातो. चिडू नका, या वेळात शेजारी बसलेल्याशी ओळख करून घ्या. आपल्या इयत्तेला शिकवणाऱ्याच्या शेजारी बसा. आपल्या शाळेतले सगळे एका रांगेत बसले की दिवसभर शाळेच्याच गोष्टी होतात.

मग सूचना येतात. यू-डायस (शाळेची सरकारी माहिती भरणं), शिष्यवृत्ती, कुठली तरी लिंक भरणे, अमुक फोटो पाठवणे. इतिवृत्तात त्या लिहिल्या जातातच, ग्रुपवरही येतात. तुमच्या वहीत उतरवण्याची गरज नाही.

खरा भाग असतो तो नमुना पाठ. यजमान शाळेतला एखादा वर्ग, त्यावर कोणीतरी पाठ घेतं, बाकीचे मागे बसून बघतात. सगळे बघतात ते शिक्षकाकडे. तुम्ही मुलांकडे बघा. शक्य असेल तर मागे न बसता बाजूला, खिडकीकडे बसा, म्हणजे चेहरे दिसतात. एक कोरा कागद घ्या, वर्गातल्या मुलांच्या जागेप्रमाणे चौकटी काढा. जे मूल स्वतःहून बोललं त्याच्या चौकटीत एक रेघ. शिक्षकाने विचारल्यावर बोललं तर एक टिंब. पाठ संपल्यावर त्या कागदाकडे बघा. बऱ्याचदा तीन चौकटींत रेघाच रेघा असतात आणि मागच्या भिंतीलगतच्या पाच चौकटी कोऱ्या. हा कागद पाठ घेणाऱ्या शिक्षकाला द्या, सगळ्यांसमोर वाचून दाखवू नका. आणि पुढच्या आठवड्यात हाच कागद आपल्या वर्गात कोणाकडून तरी काढून घ्या. माझा पहिला कागद बघून मला दोन रात्री नीट झोप लागली नव्हती. मला वाटायचं, माझ्या वर्गात सगळे बोलतात.

चर्चेला प्रश्न विचारायचा तर लहान विचारा. 'ज्ञानरचनावाद (मूल स्वतः करून, अनुभवातून ज्ञान घडवतं हा विचार) प्रत्यक्षात कसा आणायचा?' असा प्रश्न आला की साधनव्यक्ती अर्धा तास बोलतात आणि सगळे घड्याळाकडे बघतात. 'गटात एकच मुलगा सगळं करतो, बाकीचे बघत बसतात, तुम्ही काय करता?' असं विचारलं की चार शिक्षक एकदम बोलायला लागतात. त्यातले दोन सल्ले निरुपयोगी असतील, पण दोन तरी कामाचे निघतील.

जेवणाची सुट्टी सोडू नका. परिषदेतलं निम्मं शिकणं डबे उघडल्यावर होतं. वहीची तीन पानं मी तरी तेव्हाच बाहेर काढते.

चौथी पायरी : परतल्यावरचे आठ दिवस

एकच गोष्ट करून पाहा. दोन नकोत. मला एकदा विज्ञानाच्या कार्यशाळेतून सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीतल्या काड्या जोडून आकार बनवायची कल्पना मिळाली. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांमुळे ती आपल्याकडे बऱ्याच शिक्षकांना माहीत आहे. मी सोमवारी एका तासात त्रिकोण, चौकोन, घन, पिरॅमिड असं सगळंच करायला गेले. गुल घासून काढायचा राहिलेल्या काड्या, ट्यूबचे भलतेच मोठे तुकडे, आणि वर्गभर गोंधळ. पुढच्या खेपेला फक्त त्रिकोण आणि चौकोन केला. चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. एवढ्यावर मुलं अर्धा तास बोलत राहिली, आणि एकाने सुट्टीत शाळेच्या पत्र्याखालची कैची, म्हणजे छत पेलणारा त्रिकोणी सांगाडा, जाऊन बघितली.

करून पाहिल्यावर काय झालं ते ज्याने कल्पना दिली त्याला फोनवर सांगा. जमलं नाही तरी सांगा. पुढच्या महिन्यात तो तुम्हाला शोधत येतो.

प्रमाणपत्राचं काय?

नव्या शिक्षकांना ही काळजी फार. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे. शिवाय पुढे १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनी निवडश्रेणीचं प्रशिक्षण असतंच. तेव्हा 'निष्ठा'सारखी जी सरकारी प्रशिक्षणं दीक्षा या सरकारी ॲपवर येतात ती वेळेवर पूर्ण करा, प्रमाणपत्र डाउनलोड करून मेलवर ठेवा, आणि एक प्रत सेवापुस्तकाच्या फाइलला जोडा. व्हिडिओ मागे चालू ठेवून स्वयंपाक करणारे मी पाहिलेत, स्वतःही एखादा तसा 'बघितला' आहे. पण निदान ज्या भागात मुलांच्या वह्यांचे नमुने दाखवतात तिथे बसून बघा.

खाजगी कार्यशाळांना फी असेल तर आधी विचारा : यात वर्गात जाऊन मुलांसोबत काम आहे का, की फक्त पडद्यावर सरकणाऱ्या पाट्या? पैसे भरायचे की नाही ते उत्तरावरून ठरतं.

पाचवी पायरी : दुसऱ्याच्या वर्गात एक दिवस

दहा परिषदांपेक्षा एक शाळाभेट मला जास्त देऊन गेली आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचं (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) नाव तुम्ही ऐकलं असेल. तिथे विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांसोबत ज्ञानरचनावादावर काम उभं केलं आणि राज्यभरातून शिक्षक गाड्या करून तिथले वर्ग बघायला जायला लागले. त्यातून पुष्कळ जण भिंती आणि फरश्यांचे फोटो घेऊन आले. थोडे जण शेवटपर्यंत एकाच वर्गात बसून राहिले. त्यांच्या वर्गात नंतर फरक दिसला.

म्हणून भेटीला जाल तेव्हा एकच वर्ग निवडा, परिपाठापासून सुट्टीपर्यंत तिथे बसा. खाली, मुलांच्या बरोबरीने. शिक्षकाने सूचना दिल्यावर पहिल्या दोन मिनिटांत मुलं काय करतात ते बघा : साहित्य कोण काढतं, कुठे अडलं तर कोणाकडे जातात, बाईंकडे की एकमेकांकडे. निघताना त्या शिक्षकाला विचारा, 'ही घडी बसायला किती दिवस लागले?' कोणी आठवडा म्हणालं तर विश्वास ठेवू नका. आणि फार लांब जायची गरज नसते. तुमच्याच केंद्रात, पाच किलोमीटरवर, एखाद्या वस्तीवरच्या शाळेत अशा बाई सापडतात ज्यांना कोणत्याही व्यासपीठावर कधी बोलावलेलं नसतं.

सहावी पायरी : आपला कट्टा

वर्षभर झालं, चार-पाच माणसं जुळली, की स्वतः जमायला लागा. सगळ्यात सोयीचा दिवस शनिवार, सकाळची शाळा सुटल्यावर. जागा कोणाच्याही शाळेची, आळीपाळीने. प्रमुख पाहुणे नाहीत, बॅनर नाही, हार नाहीत. ग्रुपवर टाकायला फोटो हवाच असेल तर निघताना एक काढायचा. प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या एका मुलाचं काम आणायचं, वीस मिनिटं फक्त त्यावर बोलायचं. पहिली पाच मिनिटं आणणाऱ्याने गप्प बसायचं, बाकीच्यांनी फक्त काय दिसतं ते सांगायचं. 'हा मुलगा आळशी आहे' हे दिसत नाही, 'उत्तर तीनदा खोडून पुन्हा तेच लिहिलंय' हे दिसतं. ही पाच मिनिटं आपल्याला फार जड जातात, शिक्षकाला गप्प बसवणं सोपं नाही.

बदल्या, जनगणना, निवडणुकीची कामं आणि कंटाळ्याची बोलणी पहिल्या चहाबरोबर संपवून टाकायची. दुसऱ्या चहाला फक्त वह्या. चहाचे पैसे वाटून.

आमच्या कट्ट्याच्या पहिल्या शनिवारी सहा जण येणार होते. एकाचा बैल आजारी पडला म्हणून तो आला नाही, एकीला ऐनवेळी तालुक्याला माहिती द्यायला बोलावलं, दोघांनी फोन उचलला नाही. आलो आम्ही दोघी. सतरंजीवर बसून तिने दुसरीतल्या एका मुलाचं शुद्धलेखन काढलं, मी चौथीतल्या एकीचा भागाकार. साडेतीनची एसटी गेली, पाचचीही गेली. शेवटी तिच्या यजमानांना मोटारसायकल घेऊन यावं लागलं आणि ते व्हरांड्यात बसून विचारत होते, 'अजून किती वह्या आहेत?'